जुने मिलिंग मशीन घ्यावे की नको?



ऊस तुटून गेला, बिल हातात पडले, की घरोघरी खर्चाचे बेत सुरू होतात. कुणाला पाइपलाइन करायची असते, कुणाला गोठा बांधायचा असतो. यंदा हातकणंगले तालुक्यातील एका श्रोत्याचे पत्र आले, त्यांचा बेत जरा निराळा आहे. चार एकर बागायत, घरी एक जुना सहा फुटी लेथ, थोरला मुलगा आयटीआयमधून टर्नरचा कोर्स केलेला. गावातल्या पंपांचे बुश, मळणी यंत्राचे शाफ्ट, ट्रॉलीच्या पिना ही कामे बापलेक सवडीने घरीच करतात. त्यांनी लिहिले आहे, “एका कारखान्यातून जुने उभे मिलिंग मशीन विकायला निघाले आहे. पोराला लोखंडकामाची भारी हौस. त्याने हट्टच धरलाय. पैसे हातात आहेत, तर घेऊ का?”

कार्यक्रमात दहा मिनिटांत जेवढे सांगता आले तेवढे सांगितले. पण मशीन बघायला जाताना रेडिओ काही बरोबर नेता येत नाही, कागद मात्र खिशात राहतो. म्हणून हे छापून देत आहोत. एक गोष्ट आधीच सांगतो. मशीनची किंमत विचारायच्या अगोदर घरातली एक वही काढायची आहे. ती कशासाठी, ते पुढे येईल.

मिलिंग मशीन करते काय?

लेथवर काम फिरते आणि हत्यार स्थिर राहते, म्हणून लेथवर गोल वस्तू होतात. मिलिंग मशीनवर उलटे आहे. इथे कटर फिरतो आणि काम टेबलावर पक्के बांधून त्याच्याखालून सरकवले जाते. त्यामुळे सपाट पृष्ठभाग, खाच, गाळा, काटकोन, गिअरचे दात ही कामे होतात. शाफ्टमध्ये चावी बसवायची खाच, म्हणजे की-वे, हे त्यातले आपल्या रोजच्या ओळखीचे काम. चाळीस मिलिमीटर शाफ्टला प्रमाणित चावी १२ मिलिमीटर रुंद आणि ८ उंच बसते, आणि शाफ्टमधली खाच ५ मिलिमीटर खोल लागते. छिन्नी-कानशीने ही खाच काढायला चांगल्या फिटरचाही वेळ जातो आणि तरी ती तिरकी होण्याची भीती असते. मिलिंगवर ती सरळ, सारख्या रुंदीची आणि थोड्या वेळात होते.

मशीनचे मुख्य प्रकार दोन. आडव्या दांड्यावर चकतीसारखा कटर बसतो ते आडवे, आणि ड्रिलसारखे डोके वरून खाली येते ते उभे. उभ्यातच एक टरेट जातीचे मशीन असते. त्याचे डोके पुढेमागे सरकते, बाजूला कलते. घरगुती वर्कशॉपला हेच जास्त सोयीचे पडते, कारण एकाच मशीनवर भोके, खाचा आणि सपाटी तिन्ही निघतात. आडवे मशीन जोरकस असते आणि बाजारात पुष्कळदा स्वस्तही मिळते, पण त्याचे कटर महाग आणि काम मर्यादित.

ही जुनी मशीने आताच इतकी का दिसतात, असे कुणी विचारील. कारखान्यांनी संगणकावर चालणारी सीएनसी मशीने घेतली, आणि हाताने हँडल फिरवायची मशीने कोपऱ्यात गेली. एचएमटी ही सरकारी कंपनी १९५३ साली स्थापन झाली, तिच्या पिंजोरच्या कारखान्यातली मिलिंग मशीने, बंगळुरूच्या बीएफडब्ल्यूची मशीने, आणि लुधियाना-बटाला भागातली हलकी मशीने अशी सगळी आज भोसरीपासून कोल्हापूरपर्यंत जुन्या मालाच्या व्यापाऱ्यांकडे सापडतात. त्यातली काही खरोखर चांगली आहेत. तीस-चाळीस वर्षांची बिडाची जड बॉडी एका दृष्टीने नव्या हलक्या मालापेक्षा बरी, ती कापताना थरथरत नाही. पण काही नुसती रंग मारून उभी केलेली असतात.

आता ती वही

गेल्या वर्षभरात तुम्ही घरी कोणकोणती कामे केली आणि कोणती गावाबाहेरच्या वर्कशॉपात नेली, ती आठवून लिहा. दोन रकाने करा. एकात गोल काम: शाफ्ट टर्न करणे, बुश, पिना, पुलीचे बोअर, आटे. दुसऱ्यात सपाट काम: की-वे, पंपाच्या पायाचा भाग सपाट करणे, पट्टीत लांबट गाळा, ब्रॅकेट, काटकोनी तुकडे.

बहुतेक शेतकऱ्यांच्या वहीत पहिला रकाना पानभर भरतो आणि दुसऱ्यात चार-पाच ओळी येतात. हे लपवण्यात अर्थ नाही. शेतीची मोडतोड मुख्यतः गोल असते, कारण फिरणारी वस्तूच झिजते. म्हणून ज्याच्या घरी अजून लेथ नाही त्याने मिलिंग मशीनचा विचारच करू नये. आधी लेथ घ्यावा. ज्याच्याकडे लेथ आहे त्याने दुसऱ्या रकान्यातल्या कामांना वर्कशॉपवाल्याने किती मजुरी घेतली त्याची बेरीज करावी, त्यात जाण्यायेण्याचे भाडे आणि खोळंबा धरावा. ऐन मळणीत यंत्र दोन दिवस बंद राहिले तर ते नुकसान मजुरीपेक्षा मोठे असते, हे खरे. पण वर्षातून दहा-बारा सपाट कामेही निघत नसतील, तर नुसत्या पैशाच्या हिशेबाने मशीन परवडत नाही.

मग घेऊच नये का? तसे नाही. हौस असेल तर हौस म्हणा. बैलगाडीच्या शर्यतीला, भजनाच्या पेटीला माणूस पैसे घालतो, तसे लोखंडकामालाही घालावेत. पोराच्या हाताला वळण लागते, आणि तोच पोरगा पुढेमागे त्यावर पोटही भरील. फक्त हौसेचा पैसा हौसेच्या कप्प्यातून यावा. खताच्या, लागणीच्या, किंवा पीककर्जाच्या पैशाला हात लावू नये. पत्र लिहिणाऱ्या बंधूंनाही आम्ही हेच विचारले आहे, की बिलातून सोसायटी, खत आणि घरखर्च वजा जाता उरलेले पैसे किती?

चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला

मिलिंग मशीन एकटे काही कामाचे नाही. लेथला चक आणि दोन-चार टूल बिट असले की सुरुवात होते, इथे तसे नाही. काम धरायला जड मशीन व्हाइस लागतो. कटर धरायला कोलेट आणि त्याचा चक लागतो. टेबलाच्या खाचेत बसणारे टी-नट, बोल्ट, क्लँप, पायऱ्यांचे ठोकळे लागतात. निरनिराळ्या मापांचे एंड मिल लागतात आणि ते बोथट होतात. शिवाय डायल गेज आणि त्याचा चुंबकी स्टँड. गिअर किंवा स्प्लाइन कापायचे तर डिव्हायडिंग हेड लागते. हे सगळे नवे घ्यायला गेले तर कित्येकदा मशीनच्या किमतीइतकेच पैसे लागतात.

म्हणून नुसते मशीन आणि सामानासकट मशीन यांचे भाव एका मापाने मोजू नयेत. विकणाऱ्याला स्पष्ट विचारावे, “व्हाइस देणार का? कोलेटचा संच आहे का? ड्रॉबार कुठे आहे?” ड्रॉबार म्हणजे स्पिंडलच्या आतून जाऊन कटरचे धारक वर ओढून धरणारा लांब बोल्ट. तो पुष्कळदा हरवलेला असतो. स्पिंडलचे तोंड कोणत्या टेपरचे आहे तेही विचारून लिहून घ्यावे. मध्यम मोठ्या मशीनला आयएसओ ४० टेपर असेल तर धारक सहज मिळतात. एखाद्या जुन्या परदेशी मशीनचा टेपर चमत्कारिक निघाला, तर एकेका धारकासाठी वणवण होते. असे मशीन फुकट मिळाले तरी महाग पडते.

डिव्हायडिंग हेड मिळत असेल तर सोडू नये, इतके ते उपयोगी आहे. त्याचे हँडल ४० वेळा फिरवले की काम एकदा फिरते. समजा सहा दातांची स्प्लाइन पाडायची आहे. ४० ला ६ ने भागले की ६ पूर्ण फेरे आणि वर दोन तृतीयांश फेरा. १८ भोकांच्या वर्तुळावर दोन तृतीयांश म्हणजे १२ भोके. प्रत्येक दाताला सहा फेरे आणि बारा भोके पुढे जायचे, की झाले काम. ट्रॅक्टरच्या पीटीओ शाफ्टला अशाच सहा दातांची स्प्लाइन असते. (पण जमते म्हणून पीटीओचा शाफ्ट घरी करायला जाऊ नका. बाजारातल्या शाफ्टला कडकपणासाठी उष्णता दिलेली असते. घरचा मऊ शाफ्ट पिळून तुटला तर माणसाच्या अंगावर येतो.)

मशीन बघायला जाताना

आपल्याकडे म्हण आहे, पाण्यात म्हैस, बाहेर मोल. मशीन चालू करून दाखवत नसतील तर त्याचे मोल करू नये. “मोटार सोडवून ठेवलीय, पण मशीन एक नंबर आहे” असे कुणी म्हणाले तर चहा घ्यावा आणि परत यावे. बैल घेताना आपण दात बघतो, खूर बघतो, चालवून बघतो. इथेही तेच करायचे. बरोबर एखादा मशीनिस्ट किंवा जाणता फिटर न्यावा, आणि लेथवाल्या मित्राकडून डायल गेज मागून न्यावा.

आधी मशीनला हात न लावता नुसते बघा. टेबलावर ड्रिलची भोके आणि कटरचे घाव किती आहेत? एक-दोन असतील तर चालते. टेबलाची चाळण झाली असेल तर हे मशीन बेफिकीर हातांत होते असे समजावे. टेबलाच्या खालच्या सरकत्या भागावर कारखान्यात हाताने पाडलेल्या बारीक नक्षीसारख्या खुणा असतात. त्या खुणा तेल धरून ठेवतात. त्या टोकाला दिसतात आणि मध्ये पार पुसल्या आहेत असे आढळले, तर मधला भाग झिजला. खुणा सगळीकडे सारख्या दिसत असतील तर फार चांगले. नवा कोरा रंग बघून भुलू नये. रंग झिजलेल्या जागी बसत नाही, तो बाहेरच बसतो.

यानंतरची तपासणी सगळ्यांत महत्त्वाची. टेबल ज्या स्क्रूवर सरकते त्या स्क्रूचा आणि नटचा मोकळा खेळ बघायचा. याला कारागीर बॅकलॅश म्हणतात. टेबल मधोमध आणा. हँडल एका दिशेला फिरवा, टेबल हलू लागले की हँडलवरची डायल शून्यावर लावा. मग हँडल उलटे फिरवा आणि टेबल परत हलेपर्यंत डायल किती रेघा मोकळी फिरली ते मोजा. टेबल हलले की नाही हे डोळ्याने कळत नाही, म्हणून टेबलाला डायल गेज टेकवून ठेवा. चांगल्या मशीनला हा खेळ मिलिमीटरचा एक-दोन दशांश निघतो. अर्धा मिलिमीटर निघाला तरी घाबरू नका, जुन्या मशीनला तो असतोच, आणि काम एकाच दिशेने घेतले की त्याचा त्रास होत नाही.

पण एवढ्यावर थांबू नये. हीच मोजणी डाव्या टोकाला आणि उजव्या टोकाला करा. मध्ये जास्त आणि टोकाला अगदी कमी असा फरक निघाला, तर स्क्रू मध्येच झिजला आहे. असा स्क्रू नट आवळून सुधारत नाही. मध्ये बरोबर आवळला तर टोकाला अडकतो. टेबलाच्या बाजूची गिब, म्हणजे सरकता भाग घट्ट करणारी पाचर, तिचेही असेच आहे. गिब आवळून घ्या, मग टेबल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हाताने फिरवा. मध्ये सैल आणि टोकाला जड लागले, तर झीज आहे.

प्रस्तुत लेखकाला हा धडा पैसे मोजून मिळालेला आहे. १९९८ साली एका ओळखीच्या वर्कशॉपातून असेच एक उभे मशीन घेतले. बघताना टेबल फक्त मध्ये हलवून पाहिले, विकणाऱ्याने गिब सैल ठेवली होती म्हणून ते लोण्यासारखे फिरले. घरी आणून गिब आवळली तर दोन्ही बाजूंना वीत-वीत अंतरावर टेबल अडकायचे. शेवटी मधल्या आठ-नऊ इंचांतच काम करायचे असे ठरवून ते मशीन सात वर्षे वापरले. की-वे त्यावर उत्तम निघाल्या. लांब पट्टी मात्र कधी सरळ झाली नाही. तेव्हा झिजलेले मशीन टाकाऊच असते असेही नाही. झीज कुठे आहे ते ठाऊक हवे आणि किंमत त्या झिजेची द्यावी, एवढेच.

टेबलाला धरणारा जो खालीवर होणारा जड भाग असतो त्याला ‘नी’ म्हणतात, म्हणजे गुडघा. तो पूर्ण खाली आणि पूर्ण वर नेऊन बघा. ज्या उंचीवर रोज काम झाले तिथे सैल आणि इतरत्र घट्ट, असे इथेही निघते. टेबलाचे टोक दोन्ही हातांनी धरून वर-खाली हलवा. हाताला ठकठक जाणवली तर गिब तरी सैल आहे, नाहीतर झीज तरी आहे.

मग स्पिंडल. टेपरच्या आत बोट फिरवून बघा, ओरखडे आणि खड्डे आहेत का. मशीन बंद ठेवून आतल्या भिंतीला डायल गेजचे टोक लावा आणि स्पिंडल हाताने सावकाश फिरवा. काटा एक-दोन शतांश मिलिमीटर हलला तर उत्तम. पाच शतांशाच्या वर गेला तर बेअरिंग किंवा टेपर बिघडला आहे. त्यानंतर मशीन सर्वांत जास्त वेगावर अर्धा तास चालू ठेवायला सांगा. विकणारा कुरकुर करील, करू द्या. अर्ध्या तासाने बेअरिंगच्या जागी हात ठेवून बघा. कोमट लागले तर ठीक, हात ठेववत नसेल तर बेअरिंगचा खर्च किमतीतून वजा करा. चालू असताना गिअरबॉक्सकडे कान द्या. एकसारखी घरघर असली तर हरकत नाही. पण ठराविक फेऱ्याला ठक्, ठक् असा आवाज आला तर गिअरचा दात गेलेला आहे. सगळे वेग आणि टेबलाची आपोआप चाल, दोन्ही दिशांना, एकेक करून लावून बघावी. तेलाच्या काचेत दुधासारखे तेल दिसले तर आत पाणी गेले आहे.

शेवटी एक काप घेऊन दाखवायला सांगा. मऊ लोखंडाचा तुकडा बरोबर न्यावा. वीस मिलिमीटरच्या हायस्पीड कटरला मऊ लोखंडात मिनिटाला साधारण ४०० फेरे ठेवतात. काप घेतल्यावर पृष्ठभागावर नखाला लागतील अशा लाटा उठल्या आणि मशीन ओरडले, तर कुठेतरी सैल आहे.

किंमत आणि कागद

जुन्या बिडाच्या मशीनला भंगाराचा भाव कायम असतो, त्याखाली व्यापारी उतरत नाही. म्हणून आधी त्या दिवशीचा बिडाचा भंगारभाव विचारावा आणि मशीनच्या वजनाने गुणावा. टरेट जातीचे मशीन साधारण टनाच्या आसपास भरते, मोठे गुडघ्याचे मशीन दोन टनांवर जाते. मागितलेली किंमत भंगाराच्या किती वर आहे ते यावरून कळते. तो वरचा फरक म्हणजे मशीनच्या प्रकृतीची आणि सोबतच्या सामानाची किंमत. आपण केलेली तपासणी या फरकाला पुरेशी आहे का, एवढेच ठरवायचे.

बिल घ्यावेच. कारखान्याची मशीने पुष्कळदा बँकेकडे तारण असतात. तारण मशीन घेतले तर उद्या बँक दारात येते. तेव्हा बँकेचा बोजा नाही, असे विकणाऱ्याकडून लिहून घ्यावे, आणि बँकेचे पत्र मिळाले तर अधिक चांगले. लिलावात ‘जसे आहे, जेथे आहे’ असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ नंतर तक्रार चालणार नाही आणि उचलून न्यायचा खर्चही तुमचाच.

वीज: इथे बरेच जण फसतात

या मशीनची मोटार बहुधा थ्री फेज, ४१५ व्होल्टची असते. गावात घराला सिंगल फेज असते. मग डोळे जातात विहिरीवरच्या शेतीपंपाच्या मीटरकडे. तसे कदापि करू नये. शेतीच्या जोडणीवर वर्कशॉप चालवणे म्हणजे २००३ च्या विद्युत कायद्याच्या कलम १२६ प्रमाणे विजेचा अनधिकृत वापर होतो, आणि त्या वापराला लागू असलेल्या दराच्या दुपटीने आकारणी होते. शिवाय शेतीच्या फीडरवर थ्री फेज ठराविक तासच मिळते. काप अर्ध्यावर असताना वीज गेली तर कटर कामात अडकून मोडतो.

सरळ मार्ग दोन आहेत. पहिला, महावितरणकडे रीतसर थ्री फेज जोडणी मागणे. खांब जवळ असेल तर हे सोपे, लांब असेल तर खर्चाचे. दुसरा, सिंगल फेज घेऊन थ्री फेज देणारा ड्राइव्ह बसवणे. दुकानात त्याला व्हीएफडी म्हणतात. पण हा ड्राइव्ह थ्री फेज देतो ते २३० व्होल्टचे, ४१५ चे नव्हे. म्हणून मोटारीच्या पाटीवर २३० आणि ४१५ असे दोन्ही आकडे आहेत का, आणि आत सहा तारा बाहेर आलेल्या आहेत का ते बघावे. असतील तर जोडणी स्टारची डेल्टा करून मोटार चालते. पाटीवर नुसते ‘४१५ डेल्टा’ असेल तर चालणार नाही, मोटार बदलावी लागेल. तीन हॉर्सपॉवरच्या मोटारीला असा ड्राइव्ह घरच्या लाइनवरून २० अँपिअरच्या वर ओढतो, म्हणजे मंजूर भारही वाढवून घ्यावा लागतो. दीड हॉर्सपॉवरची मोटार असेल तर घरच्या लाइनवर निभते. ही जोडणी गावातल्या वायरमनला जमेलच असे नाही. ड्राइव्ह आणि मोटार यांच्यामध्ये स्विच टाकून जमत नाही, आणि अर्थिंग पक्के लागते.

आणणे आणि ठेवणे

या मशीनचे डोके जड असते, त्यामुळे ते टेम्पोतून वळणावर कलंडते. निघण्याआधी ‘नी’ पूर्ण खाली घ्यावा, पुढे आलेले डोके मागे सरकवून खाली वळवून बांधावे, सगळे लॉक आवळावेत. दोर टेबलाला किंवा हँडलला कधीही लावू नये, उचलायच्या कडीला किंवा बॉडीला लावावा. कारखान्यात क्रेन असते, तुमच्या दारात नसते. म्हणून उतरवायला चेन ब्लॉक, भक्कम तिवई आणि जमिनीवर सरकवायला पाइपचे तुकडे आधी जमवून ठेवावेत. पावसाळ्यात आणूच नये. अंगणातल्या चिखलात टनभर वजन रुतले की बैलजोडीलाही हलत नाही.

जागा सहा इंच काँक्रीटची हवी. टेबल दोन्ही बाजूंना सरकते, तेव्हा आडवी सहा-सात फूट जागा मोकळी लागते. आणि एक गोष्ट कुणी सांगत नाही, ती सांगतो. ज्या खोलीत युरिया आणि इतर खतांची पोती ठेवता तिथे मशीन ठेवू नका. खत हवेतला ओलावा ओढते आणि त्याची धूळ लोखंडाला खाते. पत्र्याची पाभर त्या खोलीत एका पावसाळ्यात गंजते, हे तुम्ही बघितलेच असेल. गोठ्याला लागून असलेली खोलीही नको.

दुसरे रस्तेही आहेत

घरी लेथ असेल तर त्याच्या क्रॉस स्लाइडवर उभी स्लाइड बसवून आणि कटर चकाच्या जागी धरून लहान की-वे काढता येतात. काप हलका घ्यावा लागतो, पण वर्षाला पाच-सहा खाचांसाठी एवढे पुरे. दुसरा रस्ता जुन्या शेपिंग मशीनचा. त्याला आज फारसे कुणी विचारत नाही, म्हणून ते पुष्कळदा भंगाराच्या भावाच्या आसपास मिळते. ते सावकाश चालते, पण त्याला कटरचा खर्च नाही. लेथचेच टूल बिट घासून लावले की सपाटी, खाच, की-वे सगळे निघते. हौसेला वेळ असतोच. आमच्या मते पत्र लिहिणाऱ्या बंधूंसारख्या अनेकांना हेच जास्त सोयीचे पडेल. घरचे ड्रिलिंग मशीन मात्र मिलिंगसाठी वापरू नये. बाजूच्या जोराने चक सुटून खाली पडतो, चालू फेऱ्यात.

एवढे करूनही मशीन घेतलेच, तर पहिल्या दिवशी काप घेऊ नका. जुने वाळलेले तेल रॉकेल किंवा डिझेलने धुऊन काढा, तेलाची भोके तारेने मोकळी करा, नवे तेल घाला आणि टेबल या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-पंचवीस वेळा हाताने फिरवा. काम नेहमी असे सरकवावे, की कटरचे दात ज्या दिशेला ढकलतात त्याच्या विरुद्ध ते जाईल. त्याच दिशेला सरकवले तर स्क्रूच्या मोकळ्या खेळाएवढे टेबल एकदम ओढले जाते आणि दात मोडतो. मशीनजवळ उपरणे, लोंबती बाही, हातमोजे यांपैकी काही नको. चुरा हाताने नव्हे, ब्रशने काढावा, तोही मशीन थांबवून. आणि पहिले काम म्हणून टेबलाच्या खाचेचे माप घेऊन सहा टी-नट स्वतःच करावेत. ते विकत घ्यायचे वाचतात, आणि ते करताना मशीन कुठे सैल आहे, कुठे घट्ट आहे, हे हाताला आपोआप कळत जाते.